ताग-काथ्याचं प्लास्टिक म्हणे दोन पावसाळ्यांत सडतं!

खटपट्या: काल इथे एकानं ठोकून दिलं, "प्लास्टिकमध्ये ताग-काथ्या घालणं म्हणजे वाळवीला जेवणाचं आमंत्रण. दोन पावसाळ्यांत भुगा." प्लास्टिकच्या साच्यांवर बारा वर्षं काढलीत, म्हणून राहवत नाही. तंतू पाणी पितो, मान्य. पण तो उघडा कुठे असतो? पूर्व जर्मनीच्या त्राबांट गाडीचं अंग ड्युरोप्लास्टचं, म्हणजे फिनॉल रेझिन (तापवून घट्ट होणारं प्लास्टिक) आणि सूतगिरणीतला टाकाऊ कापूस. १९५७ ते १९९१, तीसेक लाख गाड्या. खालचा पत्रा गंजला, अंग तसंच. उलट भंगारात काढल्यावर त्याचं करायचं काय, हीच पंचाईत!

मालवणी_माणूस: त्राबांट बर्लिनात होती, देवगडात नव्हे. माझ्या न्हाणीघराला २०१९ मध्ये डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं दार बसवलं. दुकानदार म्हणाला, "आयुष्यभर बघायला नको." तिसऱ्या पावसाळ्यात खालची कड फुगली, दार चौकटीला घासतं, बिजागरीचे स्क्रू बोटांनी निघतात. आयुष्य नेमकं कुणाचं, हे विचारायचं राहिलं.

खटपट्या: डब्ल्यूपीसीत लाकडाचा भुसा असतो हो, लांब तंतू नव्हे! आणि खालून कापून कड तशीच उघडी ठेवली असणार. पाणी शिरतं ते तिथूनच. दोष सुताराचा.

मालवणी_माणूस: सुतार माझा चुलतभाऊ आहे. जपून.

पॉलिमरताई: दोघांचंही अर्धवट. कुजणं नंतरचं. आधी तंतू ओला होऊन फुगतो, सुकला की आक्रसतो, आणि दर खेपेला प्लास्टिकपासून थोडा सुटतो. पकड गेली की ताकद गेली. म्हणून पकड टिकवायला तंतू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात, प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन असेल तर त्यात मॅलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं मिसळतात. खर्च वाचवायला पहिली काट यालाच लागते, साचेवाल्यांना ठाऊक आहे. गाडीच्या आतल्या बाजूला हा माल उत्तम. बीएमडब्ल्यूच्या आय-थ्री या २०२२ पर्यंत निघालेल्या गाडीच्या दारांत आतून केनाफ होतं, म्हणजे आपली अंबाडी. उन्हापावसात मात्र नको.

भाकरतुकडा: अंबाडीची दारं?? वरून लसणाची फोडणी देतात का?

पॉलिमरताई: भाजीची लाल देठाची अंबाडी वेगळी, वाखाची, म्हणजे दोराच्या तंतूंची वेगळी.

जालनेकर: काय वेगळी? आमच्या बांधावर एकच होती. कोवळी असताना भाजी, जून झाली की वाख. पुस्तकं वाचून अंबाडी शिकवू नका.

पॉलिमरताई: हिबिस्कस सबदारिफा आणि हिबिस्कस कॅनाबिनस. दोन जाती. तुमच्या बांधाला विचारून नावं ठेवली नाहीत.

जालनेकर: बांधावर या मग. आजोबा अंबाडीच्या पेंढ्या ओढ्यात दगडाखाली दाबून ठेवायचे. पंधरा दिवसांनी असा वास, की गाव नाक धरून जायचं. कुजायचा तो सालीतला चिकट डिंक. कुजून जे उरतं त्याचं नाव वाख! आणि म्हणे पाण्यानं सडतो.

भाकरतुकडा: मग पोळ्याला बैलांना दरवर्षी वाखाचे नवे कासरे का लागायचे?

जालनेकर: तो सण आहे. हौस असते. (आणि जुने तुटायचेही, बरं.)

खटपट्या: चला, घरचा आहेर मिळाला. ताई, कड बंद, रसायन नीट, वर छप्पर, एवढं मानतो. त्या फुगलेल्या दारासाठी माफी मात्र मागणार नाही.

मालवणी_माणूस: नको. भाऊ फणसाच्या फळ्या घेऊन येतोय. त्याच्या घरी फणसाचंच दार आहे, हे मला आज कळलं.

जालनेकर: अंबाडी एकच असते.