सॅमनच्या विणीच्या जागा: आधी जाणत्यांना विचारावं की आधी पाण्याचा नमुना घ्यावा?

पोर्टलंडची_मुग्धा
अमेरिकेत ऑरेगॉन-कॅलिफोर्नियातून वाहणाऱ्या क्लामथ नदीवरची चार धरणं २०२४ मध्ये पाडून झाली आणि त्याच ऑक्टोबरात चिनूक सॅमन (समुद्रातून नदीत चढून अंडी घालणारा मासा; आपला रावस नव्हे, तो वेगळा) त्यांच्याही वर, ऑरेगॉनमधल्या एका ओढ्यात दिसला. १९१२ नंतर पहिल्यांदा. पुढच्या वर्षी तर वरचा क्लामथ तलाव ओलांडून विल्यमसन आणि स्प्रेग नद्यांत पोचला.

तिथले मूळनिवासी क्लामथ लोक, सॅमन इतका वर यायचा, हेच पिढ्यानपिढ्या सांगत होते. अमेरिकन सरकारबरोबरच्या १८६४ च्या करारात त्यांनी मासेमारीचा हक्क लिहून घेतला होता. तरी ‘सॅमन इतका वर कधी आलाच नव्हता’ असं म्हणणारे होतेच. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी जुने फोटो आणि जुन्या नोंदी जुळवून तो वर जायचा हे दाखवलं. याचा मला अजून राग येतो. विणीच्या जागा शोधायच्या तर पहिला दिवस तिथल्या जाणत्यांबरोबर काढा, यंत्रं नंतर.

जलविज्ञानवाला
आदर आहेच, पण आठवण जुन्या नदीची आहे. मादी शेपटीने गोटे उकरून खळगा करते, अंडी घालते, वर पुन्हा गोटे लोटते. त्या फटींतून गार पाणी खेळलं नाही, गाळ बसला, की अंडी गुदमरतात. शंभर वर्षांत गोटे हलतात, प्रवाह सरकतो. आज मासा आहे का, हे बाटलीभर पाण्यातल्या डीएनएवरून कळतं. आठवण हा धागा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको.

पोर्टलंडची_मुग्धा
डीएनए वाहत येतो. वर कुठेतरी मासा आहे एवढंच कळतं, खळगा कुठल्या वळणावर आहे ते नाही. शिवाय गोटे हलले तरी झरे सहसा जागा सोडत नाहीत. अलास्का-कॅनडातल्या युकॉन नदीच्या खोऱ्यात शरदात येणारा चम सॅमन (सॅमनचीच एक जात) जमिनीतून पाणी वर येतं तिथे अंडी घालतो. ते पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. हिवाळाभर बर्फावरून ये-जा करणाऱ्याला ती जागा ठाऊक असावीच लागते, नाहीतर तो बर्फ फुटून पाण्यात जाईल. जिवावर बेतणारी माहिती माणूस ढोबळ ठेवत नाही.

रोह्याची_सुनबाई
माझा विरोध वेगळ्याच कारणाने. आमच्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढतात. सासरे रात्री पडवीत बसून, कुठल्या बांधावरून पाणी पडतंय ते आवाजावरून ओळखायचे आणि तिथे मासा चढणार म्हणायचे. दोन चिंबोऱ्या, चार मासे, बस. ती जागा सगळ्यांना कळली, आता फटीफटीला जाळं लावून गाभोळीने भरलेल्या माद्या उचलतात. सॅमनच्या जागा नकाशावर आल्या की वेगळं काय होणार?

जलविज्ञानवाला
ताई, पण नोंद नसलेल्या ओढ्याला वाचवणार कसं? अलास्कात सॅमनच्या पाण्यांची सरकारी यादी आहे. यादीतल्या ओढ्यात काम करायचं तर आधी परवानगी लागते. यादीबाहेरच्या ओढ्याला ते कवच नाही, आणि यादीत घालायचं तर मासा पाहिल्याची नोंद लागते.

पोर्टलंडची_मुग्धा
मग नोंद घ्यायला त्याच जाणत्यांना सोबत न्या, मजुरी द्या. बारीक नकाशा त्यांच्याच ताब्यात राहू दे, यादीत फक्त ओढ्याचं नाव जाऊ दे.

रोह्याची_सुनबाई
असं असेल तर माझी हरकत नाही. पण पैसा सरकारचा असला की नकाशाही सरकारचा होतो. तेवढं आधी कागदावर लिहून घ्यायला सांगा.