पिचरची बॅटिंग बंद झाल्याने बेसबॉलने नक्की काय गमावले?

प्रश्न

अमेरिकेतल्या बेसबॉलच्या दोन प्रमुख लीगपैकी अमेरिकन लीगने १९७३ मध्ये आणलेला डेसिग्नेटेड हिटरचा (डीएच), म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पिचरऐवजी केवळ बॅटिंगसाठी खेळाडू ठेवण्याचा, नियम दुसऱ्या, म्हणजे नॅशनल लीगने २०२० चा छोटा हंगाम वगळता थेट २०२२ मध्ये कायमचा स्वीकारला. त्याआधीच्या वर्षी पिचरांची एकत्रित बॅटिंग सरासरी .११० च्या आसपास, म्हणजे दहा प्रयत्नांत जेमतेम एक यशस्वी फटका, होती. क्रिकेटमधला अकरावा फलंदाज डावात एकदाच येतो. इथे दर नऊ जणांमागे पिचरची पाळी पुन्हा येई. असा जवळपास हमखास आउट काढून टाकल्याबद्दल जुने चाहते अजून का हळहळतात? खेळाच्या रचनेत खरोखर काही कमी झाले आहे का?

पहिले उत्तर

पिचरचा फटका गेल्याचे दुःख कोणालाच नाही; त्याच्या पाळीमुळे मॅनेजरपुढे उभा राहणारा पेच गेला, हे खरे कारण आहे. सहाव्या इनिंगमध्ये बरोबरी आहे, दोन आउट झाले आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावपटू आहेत, अशी कल्पना करा. प्रतिस्पर्धी आठव्या क्रमांकाच्या बॅटरला मुद्दाम वॉक (फटक्याविना पहिला बेस) देतो, कारण पुढे पिचर आहे. तो पिचर जेमतेम सत्तर चेंडू टाकून अगदी लयीत आहे. त्याच्या जागी पिंच हिटर (बदली बॅटर) पाठवला, तर एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत येऊ शकत नसल्याने उरलेल्या तीन इनिंग बुलपेनच्या, म्हणजे बदली पिचरांच्या, गळ्यात पडतात. न पाठवावा, तर भरलेले बेस बहुधा वाया जातात. पिचरबरोबर आणखी एक खेळाडू बदलून बदली पिचरला बॅटिंगच्या क्रमात लांबच्या जागी बसवणारा डबल स्विच याच अडचणीतून रूढ झाला. आता पिचर दमला की बदलायचा, एवढेच उरले आहे.

दुसरे उत्तर

हा पेच कागदावर जितका रंगतो तितका मैदानात रंगत नसे. अलीकडे बरेच स्टार्टर (सामना सुरू करणारे पिचर) पाच-सहा इनिंगच टाकतात, त्यामुळे वर दिलेल्या प्रसंगी बहुतेक मॅनेजर फारसा विचार न करता पिंच हिटर पाठवत. उरलेल्या वेळी प्रेक्षकांनी पाहायचे काय, तर बंट (चेंडू बॅटने नुसता हळू ढकलणे) किंवा तीन स्ट्राइक होऊन आउट.

त्याची किंमत मात्र मोठी होती. न्यूयॉर्क यांकीज संघाचा चिएन-मिंग वांग २००६ आणि २००७ या दोन्ही हंगामांत १९ सामने जिंकलेला पिचर. २००८ मध्ये ह्यूस्टनला, नॅशनल लीगच्या मैदानावर, बेस धावताना त्याच्या पायाला दुखापत झाली आणि पूर्वीचा वांग पुन्हा दिसला नाही. सेंट लुइसच्या अ‍ॅडम वेनराइटचा अकिलीस स्नायुबंध २०१५ मध्ये बॅटिंग करतानाच तुटला. ज्या कामासाठी संघाने त्यांना घेतलेच नव्हते, त्या कामात हे दोघे जायबंदी झाले.

तिसरे उत्तर

डीएच हा मुळात धंद्याचा निर्णय होता, हे विसरू नये. १९६८ मध्ये पिचर बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे १.१२ अर्न्ड रन (पिचरच्या खात्यावर जमा होणारे रन) एवढीच सरासरी राखली, तर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम बॅटर कार्ल यास्ट्रझेम्स्की .३०१ च्या बॅटिंग सरासरीवर होता. पुढच्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, तरी अमेरिकन लीगला रन आणि प्रेक्षक दोन्ही कमीच पडत होते. (मोठ्या फटक्यांसाठी आणलेल्या या नियमाचा पहिला मानकरी रॉन ब्लूमबर्ग फेनवे पार्कवर भरलेल्या बेसवर वॉक घेऊन गेला, ही गंमतच.) १९७३ चा तो उपाय लागू पडला, एडगर मार्टिनेझ आणि डेव्हिड ऑर्टिझ प्रामुख्याने डीएच म्हणून खेळून हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले.

तरीही पहिल्या उत्तरातील तक्रार मला रास्त वाटते आणि तिच्यावर तोडगाही आहे. या दोन लीगबाहेरच्या, छोट्या अटलांटिक लीगने २०२१ मध्ये असा नियम वापरून पाहिला, की स्टार्टर बाहेर गेला की संघ डीएचही गमावतो. त्यामुळे पिचरला बॅट धरावी लागत नाही, पण त्याला काढण्याची किंमत मॅनेजरला मोजावीच लागते.

पहिल्या उत्तरकर्त्याचा प्रतिसाद

ही कल्पना मला मान्य आहे. मात्र पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या ओहतानीचे काय करायचे, ते आधी ठरवावे लागेल. स्टार्टर म्हणून बाहेर गेल्यावरही डीएच म्हणून टिकण्याची मुभा त्याच्यासारख्या खेळाडूला २०२२ पासून आहे. ती या नियमाच्या थेट विरुद्ध जाते, आणि आज लोक ज्याला पाहायला येतात त्याचीच पाळी हिरावून घेणारा नियम कोणताही संघमालक मंजूर करणार नाही.