१६ वर्षांच्या लेकीने गुपचूप टॅटू काढलाय, आता सही मागतेय

तिसरा_जिना:
गेले पंधरा दिवस लेक घरात मोजे घालून फिरत होती. एवढ्या उकाड्यात. विचारलं तर म्हणे पाय गार पडतात. मी म्हटलं असेल काहीतरी नवीन फॅड, या वयात कारण विचारण्यात अर्थ नसतो. परवा रात्री पांघरूण घालायला गेले तर एक मोजा झोपेत निम्मा निघालेला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला काळंनिळं काहीतरी, आधी वाटलं कुठे आपटली की काय म्हणून मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं तर टॅटू! समुद्राची लाट आहे म्हणे. मला विचाराल तर अळी आहे.

मैत्रिणीच्या घरी, मैत्रिणीनेच, शिवणाच्या सुईला दोरा गुंडाळून शाईत बुडवून टोचून टोचून काढलाय, व्हिडिओ बघून. नवरा म्हणतो उद्याच्या उद्या लेझरने काढून टाकू आणि सहा महिने फोन बंद. ती म्हणते, "विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस." यावर मला काही बोलता आलं नाही कारण नाहीच म्हटलं असतं.

आता तिचं पुढचं म्हणणं असं की हा वाकडा झालाय तर चांगल्या स्टुडिओत जाऊन याच्यावर दुसरा काढू दे, आईबाबांनी सही केली तर चालतं म्हणे. करावी का सही?

बापमाणूस_४७:
अजिबात नाही. आधी चोरून केलं आणि आता त्यालाच तुमचा शिक्का पाहिजे, म्हणजे चोरीच्या मालाची पावती फाडून मागण्यातला प्रकार झाला. मी १६ चा असताना ज्या ज्या गोष्टींवर जीव टाकायचो त्यातली एक जरी आज दंडावर असती ना, तर मी उन्हाळ्यातही फुल शर्ट घातला असता. या वयात पोरांना आवडतं ते खरंच मनापासून आवडतं, नाही असं नाही, पण टिकतं किती? आणि आपण नाही म्हणायचं नाही तर कोणी म्हणायचं? शेजाऱ्यांनी?

उलटी_छत्री:
बापमाणूस, तुमचं सगळं पटतं पण पोरीने टॅटू ऑलरेडी काढलाय हो. "नाही" म्हणणारं घर होतं म्हणूनच ती मैत्रिणीच्या खोलीत शिवणाची सुई घेऊन बसली. परत नाही म्हणालात तर परत तीच सुई. माझ्या मते सही करा, सोबत जा, डोळ्यासमोर नवीन सुईचं पाकीट फोडून घ्या. निदान पू तरी होणार नाही. मी स्वतः दोन टॅटूवाली आई आहे, तेव्हा मी कोणत्या बाजूची ते सांगायला नकोच :)

शाई_सुई:
माझा धंदाच टॅटूचा आहे, ११ वर्षं झाली, तरीही मी बापमाणूस यांच्या बाजूने बोलणार आहे. हसू नका.

पहिली गोष्ट, १८ च्या खालचं कोणी आलं तर मी करत नाही, आईबाप सोबत असले तरी नाही. कायदा जागोजागी वेगळा आहे, काही ठिकाणी पालकांची सही चालते, काही ठिकाणी चालत नाही. ब्रिटनमध्ये तर १९६९ पासून कायदाच आहे, १८ खालच्याला टॅटू काढणारा गुन्हेगार, मग पालकांनी दहा सह्या करू देत. त्यामुळे ताई, तुमच्याकडे काय नियम आहे ते आधी बघा, पोरीच्या "चालतं म्हणे" वर जाऊ नका.

दुसरी, कव्हरअप म्हणजे काय हे पोरांना माहीतच नसतं. काळ्या शाईवर फिकट काही बसत नाही. जुनं झाकायचं तर नवीन त्याच्या दुप्पट तिप्पट मोठं आणि जास्त गडद काढावं लागतं. म्हणजे अळी झाकायला अर्धा घोटा काळा करायचा. त्यातून घोट्याची कातडी पातळ, खाली लगेच हाड, वरून मोजा बूट घासणार, तिथे शाई नीट धरत नाही.

आणि हाताने टोचलेला टॅटू वाकडा का होतो तेही सांगतो. शाई कातडीच्या वरच्या थराच्या खाली, साधारण दीड-दोन मिलिमीटरवर बसावी लागते. वरच राहिली तर वरची कातडी झडते तशी जाते. जास्त खोल गेली तर आत पसरते आणि रेघ फुगते, टिपकागदावर शाई सांडल्यासारखी. तुमची अळी बहुतेक तशीच जाडी झाली असणार.

उलटी_छत्री:
म्हणजे धंदेवाल्यानेच गिऱ्हाईक परत पाठवायचं, वा! पण मग ते गिऱ्हाईक कुठे जातं? तुमच्यासारखे नाही म्हणतात म्हणूनच घरगुती सुया चालतात ना?

शाई_सुई:
जातं, मान्य आहे. पण एक प्रसंग सांगतो. एक आई १५ वर्षांच्या मुलीला घेऊन आली, डिझाइन आईच बघतेय, साइझ आईच ठरवतेय, मुलगी कोपऱ्यात फोन खाली वर करतेय. मी मुलीला विचारलं तुला कुठे पाहिजे, तर तिने आईकडे बघितलं. परत पाठवलं दोघींना. सही कोणाची आणि हौस कोणाची हे मला समोर बसून कळत नाही, म्हणून मी सरळ वयावर जातो. त्या वयात अंगही वाढत असतं, पोटावरचं, मांडीवरचं डिझाइन ताणलं जातं ते वेगळंच.

रात्रपाळी:
अहो सही बिही राहू दे बाजूला. मी स्किनच्या डॉक्टरांकडे नर्स आहे, ताई मला एकच सांगा, त्याच सुईने मैत्रिणीनेही स्वतःला काढून घेतलाय का??

तिसरा_जिना:
हे मी विचारलंच नव्हतं. आत्ता विचारून आले. हो. दोघींना सेम लाट आहे. मैत्रीण पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात राहायला चाललीय म्हणून. सुई "मध्ये सॅनिटायझरने पुसली होती".

रात्रपाळी:
मग फोन जप्त करायच्या आधी डॉक्टरांकडे जा. घाबरवत नाहीये, बहुतेक वेळा काही निघत नाही, पण एकीचं रक्त दुसरीला लागलं असेल तर हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही तिन्हीची टेस्ट करायची. सॅनिटायझरने पुसलेली सुई निर्जंतुक होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू तर अंगाबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. लहानपणी बी ची लस पूर्ण झाली असेल तर तेवढी काळजी कमी, कार्ड शोधून ठेवा. सी ला लसच नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं तेही बघा. आणि आज टेस्ट निगेटिव्ह आली की सुटलो असं नाही, काही आठवड्यांनी परत करायला सांगतात कारण लगेच दिसत नाही.

पाय बघा रोज. खपली धरणं, खाज येणं नॉर्मल आहे. लाली पसरत चालली, गरम लागतंय, पू, ताप, किंवा लाल रेघ वर चढताना दिसली तर रात्र असली तरी जा.

बाबांना सांगा लेझर उद्याच्या उद्या होत नाही. आधी कातडी पूर्ण भरून यावी लागते. लेझर म्हणजे खोडरबर नव्हे, तो शाईचे कण फोडतो आणि मग शरीर हळूहळू ते उचलून नेतं, म्हणून दोन सेशनमध्ये सहा ते आठ आठवडे सोडतात. घरगुती टॅटूत शाई कमी असते, काळी असेल तर लवकर जाते. पण सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहू शकतात, मशीन आणि माणूस दोन्ही बघून करा.

पुसट:
लेझरचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. १७ व्या वर्षी मनगटावर एका मुलाचं नाव आणि दोन पानं काढली होती. आईने सही केली होती, आनंदाने, "मुलं मोठी झाली" म्हणून. मुलगा आठ महिन्यांत सोडून गेला. नाव पुसायला सात सेशन लागली. डोळ्यांवर जाड गॉगल लावतात आणि प्रत्येक ठोका म्हणजे रबरबँड ताणून त्याच जागी मारल्यासारखा, वर जळक्या केसांचा वास. काळं नाव गेलं. हिरवी पानं अजून आहेत, हिरवा रंग हट्टी असतो म्हणे. आता बिननावाची दोन पानं घेऊन फिरते.

आईवर राग आहे का? आहे थोडा. अडवलं असतं तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. तरी तिने अडवायला हवं होतं असं वाटतंच, काय करू.

अजून_सतरा:
तुम्ही सगळे मोठे लोक लेझर, सही, कायदा बोलताय पण एका माणसाने तरी विचारलं का की लाटच का? मैत्रीण जातेय हे पण सुईची चौकशी करताना बाहेर आलं. आणि १८ व्या वाढदिवसाला रात्री १२ वाजता अक्कल डाउनलोड होते का? १७ वर्षं ३६४ दिवस मूर्ख आणि दुसऱ्या दिवशी शहाणे?

बापमाणूस_४७:
नाही होत डाउनलोड. कुठेतरी रेघ मारावी लागते बाळा, गाडीच्या लायसन्सला पण मारतातच. माझं म्हणणं एवढंच की जी गोष्ट परत फिरत नाही तिला थोडं थांबलं तर काही बिघडत नाही. बाकी लाट का, हे विचारायला हवं होतं, ते मान्य.

उलटी_छत्री:
तोपर्यंत हौस म्हणून टेम्पररी काढून द्या की, दोन आठवड्यांत जातो. ती काळी मेंदी मिळते ना, तासाभरात गडद होते, अगदी खऱ्यासारखी.

रात्रपाळी:
नको नको, तीच नको! पोरांसाठी सेफ म्हणून लोक तीच करतात. नुसती मेंदी लाल-तपकिरी होते. तासात काळीकुट्ट झाली म्हणजे त्यात केसांच्या डायमधलं पीपीडी घातलेलं असण्याचीच शक्यता जास्त. त्याने फोड येतात आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जन्मभर राहते, मग पुढे केस काळे करायला गेलं की तोंड सुजतं. पाण्याने चिकटवायचे स्टिकर असतात ते बरे.

उलटी_छत्री:
बापरे. हे माहीत नव्हतं. मागे घेते.

तिसरा_जिना:
सगळ्यांचे आभार, भांडलात त्यांचेही. काल डॉक्टरांकडे जाऊन आलो. लसीचं कार्ड सापडलं, बी चे डोस पूर्ण आहेत. रक्त दिलं. ज्या पोरीने तासभर शिवणाची सुई टोचून घेतली तिने रक्त काढताना डोळे गच्च मिटून बाबांचा हात धरला, आणि हे साहेब परत येताना फोन बंद करायचं विसरले ते विसरलेच.

सही नाही करत आहे. तिला शाई_सुईंचं कव्हरअपचं वाचून दाखवलं, अर्धा घोटा काळा म्हटल्यावर ती स्वतःच गप्प झाली. नवऱ्याने त्यावर "मग अळीच बरी" म्हटलं, त्यावरून रुसली.

पण आता खरा पेच वेगळाच आहे. मैत्रिणीच्या आईला सांगायचं का? टेस्ट त्या मुलीचीही व्हायला हवी. लेक हात जोडून म्हणतेय सांगू नकोस, तिला घरी मार पडेल, आणि मी तुला खरं सांगितलं त्याची ही शिक्षा का.

उलटी_छत्री:
नका सांगू, मुलीलाच टेस्ट करायला लावा. आत्ता कुठे लेक खरं बोलायला लागलीय, एका फोनने पुन्हा मोजे चढतील.

बापमाणूस_४७:
टेस्टला १६ वर्षांची पोर एकटी कशी जाणार? सांगायलाच पाहिजे. उलटं असतं आणि उद्या तुम्हाला कळलं की त्या बाईंना माहीत होतं आणि त्या गप्प बसल्या तर?

पुसट:
लेकीला आधी सांगा की मी फोन करणार आहे, आणि तिच्यासमोरच करा. पाठीमागून नको.

तिसरा_जिना:
केला. लेकीला शेजारी बसवून. मारायचं नाही हं असं आधी कबूल करून घेतलं, मग सगळं सांगितलं, सुई, शाई, टेस्ट. पलीकडे बराच वेळ आवाजच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग त्या म्हणाल्या, "तरीच. आमच्याकडेही पंधरा दिवस मोजे चाललेत."