‘रिट्रोसेशन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : अमेरिकेतल्या लष्करी तळावरचा एक मजकूर मराठीत आणतेय. त्यात ‘रिट्रोसेशन ऑफ ज्युरिस्डिक्शन’ आलंय. मी ‘जमिनीचे राज्याला हस्तांतरण’ लिहिलं. चालेल ना?

– नाही चालणार. हस्तांतरण म्हटलं की आपल्याला खरेदीखत आणि सातबाऱ्यावरचा फेरफार आठवतो. ‘रिट्रोसेशन’ म्हणजे परत सोपवणं, पण इथे मालक बदलत नाही. जमीन संघीय म्हणजे केंद्र सरकारचीच राहते, तिथे गुन्हा घडला तर कायदा कुणाचा आणि कोर्ट कुणाचं, एवढंच बदलतं. ‘ज्युरिस्डिक्शन’ला विधी परिभाषेतला ‘अधिकारिता’ घ्या. ‘अधिकारक्षेत्र’ नको, त्यातल्या ‘क्षेत्र’मुळे पुन्हा जमीनच डोळ्यांपुढे येते.

– कॅन्ससमधला फोर्ट लेव्हनवर्थ बघा. १८६१ मध्ये कॅन्सस राज्य झालं तेव्हा तळावरची अधिकारिता राखून ठेवायची काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकी संसदेकडून, राहूनच गेली. केंद्र नुसतं जमीनमालक उरलं! १८७५ मध्ये राज्याने केंद्राला अधिकारिता दिली, तीही रेल्वे कंपन्यांवर कर लावायचा हक्क स्वतःकडे ठेवून. त्यावरून झालेला खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८८५ मध्ये राज्याच्या बाजूने निकाल लागला. या सगळ्यात जमीन कुठेच गेली नाही.

– पण अलेक्झांड्रिया? व्हर्जिनिया राज्याने राजधानी वॉशिंग्टनसाठी दिलेला पोटोमॅक नदीपलीकडचा तुकडा काँग्रेसने १८४६ मध्ये परत केला. तिथे तर मुलूखच गेला. ‘प्रत्यर्पण’ कसा वाटतो?

– मुलूख गेला, तरी घरंदारं ज्यांची त्यांचीच राहिली. आणि ‘प्रत्यर्पण’ फरारी आरोपींनी अडवून ठेवलाय.

– आपल्या खडकी-देवळालीसारखंच ना हे? कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग पालिकेत घालायचा म्हणतात तसं?

– नाही हो. कॅन्टोन्मेंटच्या वस्तीत पोलीस आधीपासून राज्याचेच असतात. तिथे प्रश्न पाणी, कचरा, घरपट्टी कुणी बघायची याचा. त्याला ‘विलीनीकरण’ ठीक आहे.

प्रश्नकर्ती : माझ्या मजकुरात तळावर राहणाऱ्या कुटुंबांतल्या अल्पवयीन मुलांचे खटले आहेत. संघीय व्यवस्थेत बालन्यायालयं नाहीत, म्हणून राज्याला अधिकार दिलाय, पण केंद्राचाही राहतो.

– मग आपला ओळखीचा ‘समवर्ती’ आहेच. लिहा : ‘तळावरील बालगुन्ह्यांबाबतची अधिकारिता संघीय सरकारने अंशतः राज्याकडे परत सोपवली, ती आता समवर्ती आहे.’ ‘अंशतः’ गाळू नका, नाहीतर केंद्राने हात झटकले असं वाटेल.