विषय: टपालाची पत्रकं की विकतची यादी?

दादा, विम्याचे ग्राहक मिळवायला टपालाने पत्रकं पाठवावी की लोकांच्या नंबरांची यादी विकत घ्यावी, असं विचारताना तुम्ही दोन्हींचा दर नगाला भाव मांडलात आणि यादी स्वस्त ठरवलीत. पण एक पॉलिसी पदरात पडेपर्यंत किती गेले, तो हिशोब धरा. विकतच्या यादीतला माणूस आधीच चार एजंटांना वैतागलेला असतो, आणि तीच यादी अजून कोणाकोणाला विकली हे विकणारा कशाला सांगेल? त्यात नंबर डीएनडीत (जाहिरातीचे फोन नकोत, अशा नोंदीत) असेल तर वेगळीच कटकट.

टपालाच्या पत्रकासोबतचं कार्ड भरून परत पाठवणारे थोडेच, पण त्यांनी स्वतःहून बोलावलेलं असतं. उत्तराचं कार्ड बिझनेस रिप्लायचं करा. समोरच्याला तिकीट लावावं लागत नाही आणि परतीचं टपाल तुम्ही फक्त आलेल्या कार्डांचंच भरता.

पोस्टाच्या डायरेक्ट पोस्टमध्ये बिनपत्त्याची पत्रकंही वाटून मिळतात. आपल्या नाशकात गंगापूर रोड, इंदिरानगरच्या सोसायट्यांत मात्र ती जिन्याखालीच पडून राहतात (आमच्या बिल्डिंगमध्ये तर वॉचमन त्यावर वडापाव खातो). निफाड-दिंडोरीकडे पोस्टमन घराघरात ओळखीचा, तिथे हातात पडतात. पण पाठवा ती द्राक्षाचे पैसे आल्यावर, मार्च-एप्रिलात. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी औषधांच्या बिलातून मान वर निघत नाही, तेव्हा विम्याचं कोण ऐकतंय!

आणि हो, मजकूर आधी कंपनीकडून लेखी मंजूर करून घ्या. ‘पहिला हप्ता आमच्याकडून’ असलं काही छापू नका. विमा कायदा 1938 चं कलम 41 (हप्त्यात सूट देऊन गिऱ्हाईक ओढायला बंदी) आडवं येतं, दंड 10 लाखांपर्यंत आहे.