आंतरतालुका मिश्र सांघिक टेनिस स्पर्धा: हॉपमन चषकाचा नमुना घ्यावा की युनायटेड चषकाचा?

प्रश्न: तिसवाडीकर

नमस्कार. पणजी परिसरातील आम्हा काही टेनिसप्रेमींचा असा विचार चालला आहे की, इफ्फी या चित्रपट महोत्सवाची गर्दी ओसरल्यावर आणि नाताळच्या सुट्या लागण्यापूर्वी एखाद्या शनिवार-रविवारी स्त्री-पुरुषांचे एकत्र संघ असलेली स्पर्धा भरवावी. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, मुरगाव, फोंडा आणि डिचोली असे सहा संघ होतील, अशी चिन्हे आहेत. दोन कोर्ट मिळणार आहेत आणि प्रकाशझोताची सोयही आहे.

अडचण स्वरूपाची आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे पूर्वी भरणाऱ्या, देशोदेशींच्या हॉपमन चषकात एक पुरुष व एक स्त्री असा दोघांचाच संघ असे आणि प्रत्येक लढतीत स्त्रियांची एकेरी, पुरुषांची एकेरी व मिश्र दुहेरी असे तीन सामने होत. ऑस्ट्रेलियातच देशोदेशींच्या मिश्र संघांचा युनायटेड चषक सुरू झाला तेव्हा मात्र प्रत्येक लढतीत दोन पुरुषांच्या व दोन स्त्रियांच्या एकेरी आणि एक मिश्र दुहेरी असे पाच सामने होते. आमच्यातील काहींना पाच सामन्यांची रचना आवडते, कारण तिच्यात अधिक जणांना खेळायला मिळते. दुसरी शंका अशी की, तीन सामन्यांच्या रचनेत दोन्ही एकेरी एकाच संघाने जिंकल्या तर मिश्र दुहेरीला काही अर्थ उरत नाही, आणि आमची स्पर्धा तर मुळात मिश्र दुहेरीच्या हौसेपोटी भरत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: अंत्रुजकर

आपण ज्या पाच सामन्यांच्या रचनेचा उल्लेख केला आहे, ती खुद्द युनायटेड चषकाने एकाच वर्षात सोडून दिली, हे आधी लक्षात घ्यावे. डिसेंबर २०२२ अखेर ब्रिस्बेन, पर्थ व सिडनी या तीन शहरांत पहिली स्पर्धा सुरू झाली तेव्हा १८ देश होते आणि साखळीतील एकेक लढत दोन दिवसांवर पसरत असे. पहिल्या दिवशी अमुक देश पुढे आहे म्हणून घरी गेलेल्या प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागे, आणि दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याला तर कोणती लढत कुठे अर्धवट राहिली आहे याचा हिशेबच लागत नसे. ती स्पर्धा अमेरिकेने इटलीला हरवून जिंकली. पुढच्या वर्षापासून पर्थ आणि सिडनी ही दोनच शहरे राहिली आणि लढत तीन सामन्यांची झाली, म्हणजे फिरून हॉपमन चषकाचाच साचा आला. माझ्या मते हा त्या साच्याचा मोठाच विजय आहे, कारण २०१९ नंतर पर्थची हॉपमन स्पर्धा बंद करून तिच्या जागी एटीपी चषक ही केवळ पुरुषांची सांघिक स्पर्धा आणली गेली होती, आणि तीही तीन वर्षांपलीकडे टिकली नाही.

आता आपल्या दोन दिवसांचा हिशेब मांडू. सहा संघांचे तीन-तीनचे दोन गट केले, तर साखळीत सहा लढती होतात. दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून नऊ. प्रत्येकी पाच सामने ठेवले, तर दोन कोर्टांवर दोन दिवसांत ४५ सामने उरकावे लागतील, आणि ते डिसेंबरातही दुपारचे ऊन टाळून शक्य नाही. तीन सामने ठेवल्यास २७ होतात. फास्टफोर पद्धतीने, म्हणजे चार गेमचा सेट, ३-३ वर टायब्रेक (बरोबरी फोडण्यासाठीचा गुणांचा खेळ) आणि ड्यूसला, म्हणजे ४०-४० झाल्यावर, एकच निर्णायक गुण, असे खेळल्यास एक सामना साधारण पाऊण तासात आटोपतो आणि प्रत्येक कोर्टाच्या वाट्याला दिवसाकाठी पाच-सव्वापाच तासांचा खेळ येतो. सकाळ-संध्याकाळ मिळून तो सहज बसतो.

फास्टफोर म्हणजे पोरखेळ, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतील. त्यांना २०१९ च्या हॉपमन चषकाच्या अंतिम लढतीची आठवण करून द्यावी. रॉजर फेडरर व बेलिंडा बेन्सिच यांचे स्वित्झर्लंड आणि अलेक्झांडर झ्वेरेव व अँजेलिक केर्बर यांचे जर्मनी यांच्यात एकेरीनंतर १-१ अशी बरोबरी होती. मिश्र दुहेरी ४-०, १-४ अशी फिरत तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये ४-४ पर्यंत गेली, आणि फास्टफोरच्या नियमानुसार त्यापुढचा एकच गुण दोन्ही संघांसाठी विजेतेपदाचा गुण ठरला. तो स्वित्झर्लंडने घेतला. सर्व्हिस करणारा, ती घेणारा आणि जाळ्याजवळचे दोघे अशा चौघांनाही एकाच चेंडूवर चषक दिसत असावा, असा प्रसंग पाच सेटच्या सामन्यातही क्वचितच येतो.

दोघांचाच संघ मात्र मी सुचवणार नाही. एका दिवसात दोन लढती आल्या आणि दोन्हींत एकेरी व मिश्र दुहेरी त्याच व्यक्तीने खेळली, तर चार सामने होतात. आपल्याकडील दमट हवेत हौशी खेळाडूच्या पोटऱ्यांत गोळे येणार, हे ठरलेले. दोन पुरुष व दोन स्त्रिया असा चौघांचा संघ ठेवावा आणि मिश्र दुहेरीत कोण उतरणार हे एकेरी संपल्यावर जाहीर करण्याची मुभा द्यावी. युनायटेड चषकात अशी मुभा असल्यामुळेच २०२४ च्या अंतिम लढतीत जर्मनीला केर्बरऐवजी दुहेरीतील निष्णात लॉरा सिगेमुंडला मिश्र दुहेरीसाठी उतरवता आले. त्या लढतीत पोलंडच्या इगा श्वियाँतेकने केर्बरला हरवले होते, झ्वेरेवने ह्युबर्ट हुरकाचविरुद्ध दोन मॅच पॉइंट वाचवून बरोबरी साधली होती, आणि मग सिगेमुंड-झ्वेरेव जोडीने ६-४, ५-७, १०-४ असा विजय मिळवून चषक नेला. आपल्या मंडळींनाही यात खेळायला मिळण्याचे समाधान राहील.

उत्तर: सासष्टीकर

अंत्रुजकरांनी वेळेचा हिशेब चोख मांडला आहे, परंतु तिसवाडीकरांच्या दुसऱ्या शंकेला उत्तर दिलेले नाही. २०२४ ची अंतिम लढत मिश्र दुहेरीपर्यंत गेली हे खरे, पण २०२५ मध्ये काय झाले? कोको गॉफने श्वियाँतेकला आणि टेलर फ्रिट्झने हुरकाचला हरवले, अमेरिका २-० अशी जिंकली आणि मिश्र दुहेरीची गरजच उरली नाही. अंतिम लढतीत ज्या प्रकारासाठी लोक जमतात तोच प्रकार रद्द होण्याची शक्यता ज्या रचनेत आहे, तिला निर्दोष कसे म्हणावे?

अमेरिकेत बिली जीन किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वर्ल्ड टीमटेनिस सुरू केले, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवले होते. तेथे पुरुष एकेरी, स्त्री एकेरी, पुरुष दुहेरी, स्त्री दुहेरी आणि मिश्र दुहेरी यांचा एकेक सेट होई आणि निकाल सर्व सेटमधील गेमांच्या बेरजेवर लागे. पिछाडीवरचा संघ शेवटचा सेट जिंकला, तर खेळ पुढे चालू ठेवून त्याला बरोबरी गाठण्याची संधीसुद्धा दिली जाई. स्त्रीने जिंकलेला गेम आणि पुरुषाने जिंकलेला गेम यांचे मोल तंतोतंत सारखे, हे तिथे फलकावरच दिसत असे. आपण तीनही सामन्यांतील गेमांची बेरीज करावी. मग पहिल्या दोन एकेरी हरलेला संघही मिश्र दुहेरीत जीव तोडून खेळेल.

ज्यांना हे अनोळखी वाटते त्यांनी गोव्याचाच टेबल टेनिस संघ आठवावा. अल्टिमेट टेबल टेनिसमध्ये गोवा चॅलेंजर्सच्या लढती आपण पाहिल्या आहेत. तेथे प्रत्येक गेम संघाच्या खात्यात जमा होतो आणि मिश्र दुहेरी मधोमध असल्यामुळे ती कधीच वाया जात नाही.

उत्तर: बार्देशची खेळाडू

मी म्हापशाकडे खेळते आणि स्थानिक मिश्र दुहेरीत बरीच वर्षे भाग घेत आले आहे. गेमांच्या बेरजेविषयी एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. आपल्या तालुक्यांत पुरुषांच्या खेळात फारशी तफावत नाही, पण नियमित एकेरी खेळणाऱ्या स्त्रिया मोजक्याच आहेत. एखाद्या तालुक्याकडे राज्यपातळीवर खेळलेली मुलगी असेल आणि समोर नुकतीच रॅकेट धरलेली गृहिणी असेल, तर ४-०, ४-० असा निकाल लागेल आणि ती आठ गेमांची आघाडी उरलेल्या दोन सामन्यांत भरून निघणार नाही. शिवाय त्या गृहिणीवर संघाला बुडवल्याचे ओझे येईल आणि पुढल्या वर्षी ती फिरकणार नाही. सामना हरला की एक गुण गेला, एवढ्यावर ते थांबले पाहिजे. त्याऐवजी मिश्र दुहेरीला दोन गुण द्यावेत आणि एकेरी सामन्यांना एकेक. दोन्ही एकेरी गमावणाऱ्या संघाला २-२ अशी बरोबरी साधता येईल, आणि तशी वेळ आल्यास दोन्ही संघांनी निवडलेल्या जोड्यांमध्ये दहा गुणांचा एक टायब्रेक खेळवावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कृपा करून स्त्रियांसाठी सवलतीचे नियम करू नयेत. एका स्पर्धेत पुरुषाने स्त्रीला सर्व्हिस करताना ती खांद्याखालूनच करावी, असा नियम केलेला मी पाहिला आहे. त्यात आदर नव्हता. त्या सर्व्हिसवर गुण मिळवला तरी टाळ्या वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुकाऐवजी करमणूक दिसत असे. १ जानेवारी २०१९ रोजी पर्थमध्ये फेडरर आणि सेरेना विल्यम्स मिश्र दुहेरीत प्रथमच एकमेकांसमोर आले, तेव्हा १४ हजारांहून अधिक लोक जमले होते. सामना स्वित्झर्लंडने ४-२, ४-३ असा जिंकला, परंतु सेरेनाची सर्व्हिस कुठे पडणार हे ओळखताच येत नाही, असे फेडररने नंतर मोकळेपणाने सांगितले. लोक आले होते ते त्या दोघांना कोणत्याही सवलतीविना समोरासमोर पाहण्यासाठीच.

एक नियम मात्र आधीच समजावून सांगावा, कारण त्यावरून हमखास वाद होतात. ड्यूसला एकच निर्णायक गुण खेळायचा असेल, तेव्हा साध्या दुहेरीत तो कोणत्या बाजूने घ्यायचा हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरवते. मिश्र दुहेरीत तसे नाही. सर्व्हिस पुरुष करत असेल तर समोरच्या पुरुषाने आणि स्त्री करत असेल तर समोरच्या स्त्रीनेच ती घ्यायची असते, आणि त्यासाठी जोडीने आपल्या बाजू बदलायच्या नसतात. सर्व्हिस करणाराच त्या बाजूला जातो. ४०-४० झाल्यावर नवरा बायकोला बाजूला सारून स्वतः पुढे सरसावतो आणि पंचाकडे नियमपुस्तक नसते, असे प्रसंग आपल्याकडे घडतात.

उत्तर: सासष्टीकर

ताईंचा आक्षेप मला मान्य आहे. विषम ताकदीच्या संघांत गेमांची बेरीज अन्यायाची ठरू शकते. मिश्र दुहेरीला दोन गुण हा तोडगा मात्र तितकाच टोकाचा वाटतो, कारण एकेरीत घाम गाळणाऱ्या दोघांच्या मेहनतीइतकीच किंमत एका सामन्याला येते. साखळीत तिन्ही सामने सक्तीने खेळवावेत आणि गटातील क्रम लावताना आधी लढती, मग सामने, मग सेट असे मोजावेत. म्हणजे २-० नंतरचा मिश्र सामनाही कामी येतो. युनायटेड चषकाच्या साखळीत हेच होते.

विषय निघालाच आहे तर एक खंत नोंदवतो. महेश भूपतीने १९९७ मध्ये रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपन जिंकले, ते भारताचे पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिश्र दुहेरीतलेच होते. गोव्याशी मुळे जोडलेल्या लिएंडर पेसने २०१५ या एकाच वर्षात मार्टिना हिंगिसबरोबर तीन ग्रँड स्लॅम मिळवली. सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा हॉपमन चषकात भारतातर्फे खेळले होते. पण युनायटेड चषकातील प्रवेश एकेरीच्या क्रमवारीवर ठरतो, त्यामुळे ज्या प्रकारात आपण बलवान आहोत त्या प्रकाराच्या सर्वांत मोठ्या सांघिक व्यासपीठावर आपला संघच नसतो.

तिसवाडीकर (प्रश्नकर्ते)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौघांचा संघ, तीन सामने आणि फास्टफोर एवढे आमच्या बैठकीत एकमताने ठरले. साखळीत तिन्ही सामने सक्तीने होतील आणि सासष्टीकरांच्या पद्धतीने क्रम लागेल. मिश्र दुहेरीला दोन गुण द्यावेत की नाहीत, यावर आमच्यातच दोन तट पडले आहेत. बाद फेरीपुरते ते देऊन पाहावे, असा माझा कल आहे. निर्णायक गुणाचा नियम मराठीत लिहून दोन्ही कोर्टांच्या कुंपणावर लावणार आहोत. एवढेच विचारायचे राहिले की, अंतिम लढत रविवारी रात्री प्रकाशझोतात घ्यावी काय? प्रेक्षक त्या वेळी जास्त येतील.

उत्तर: अंत्रुजकर

रात्री घेऊ नये. डिसेंबरात सूर्य मावळल्यावर तासा-दीड तासात कोर्टावर दंव धरू लागते. पांढऱ्या रेषा आधी ओल्या होतात, कारण रंगाचा थर गुळगुळीत असतो, आणि जाळ्याकडे धावत आलेल्याचा पाय नेमका सर्व्हिस रेषेवर घसरतो. चेंडूची लव ओलावा धरते, चेंडू जड होतो आणि फास्टफोरमधली चुरस निघून जाते. अंतिम लढतीतील पहिली एकेरी चारच्या सुमारास सुरू केली, तर मिश्र दुहेरी साडेसहा-पावणेसातपर्यंत संपेल. शेवटच्या सेटपुरते दिवे लावावे लागतील, तेवढे चालते. पावसाळ्यात साचलेले शेवाळ कडेच्या पट्ट्यांत अजून असेल, तर ते आठवडाभर आधीच घासून घ्यावे. आणि चेंडूंचे नवे डबे मिश्र दुहेरीसाठी वेगळे काढून ठेवावेत. एकेरीत झिजलेले चेंडू तिथे वापरले, तर जोरदार सर्व्हिस असलेल्या जोडीचे विनाकारण नुकसान होते.