खैर, फ्लेव्होनॉइड आणि यकृत

फ्लेव्होनॉइड ही कांदा, चहा, सफरचंद अशा वनस्पतींत आढळणारी द्रव्यं. ती वनस्पतीतलीच असल्याने गुडघेदुखीवर रोज घ्यायला हरकत नाही, असं काही जण म्हणतात. इथे मला थांबावंसं वाटतं.

सूज कमी करण्याचा गुण खराच आहे. कांद्यातलं क्वेर्सेटिन, खैरातलं कॅटेचिन, चिनी औषधातल्या हुआंग चीन या मुळातलं बायकॅलिन, ही द्रव्यं प्रयोगशाळेत सूज वाढवणाऱ्या एन्झाइमांना अडवतात. (हळदीतलं कर्क्युमिन मात्र फ्लेव्होनॉइड नव्हे, ही गल्लत फार होते.) पण पेशींवर वापरलेली मात्रा सहसा आहारातून रक्तात पोहोचणाऱ्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त असते. शिवाय आतडं आणि यकृत त्यांचं रूप बदलतात, त्यामुळे रक्तात मूळ द्रव्य फारसं उरत नाही.

आणि एकवटलेला अर्क घेतला तर? अमेरिकेत खैर आणि हुआंग चीन यांच्यापासून केलेलं लिंब्रेल नावाचं उत्पादन संधिवातासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जाई. औषध म्हणून नव्हे, 'वैद्यकीय आहार' म्हणून! 2012 साली त्यामुळे यकृताला तीव्र इजा झालेले चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले गेले. फुप्फुसांना सूज आल्याच्याही तक्रारी आल्या. 2017 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने ते घेऊ नका असं बजावलं, आणि पुढे ते बाजारातून परत मागवलं गेलं.

कांदा, सफरचंद, चहा बिनधास्त घ्या. फ्लेव्होनॉइडच्या अर्काची कॅप्सूल चालू असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, विनाकारण खाज सुटली, तर कॅप्सूल लगेच बंद करून यकृताची तपासणी करा.